भाकरी चांगली झाली त्या दिवशी

पोस्टातल्या नोकरीत माझ्या हातून एकही पार्सल हरवलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. जामखेडच्या पोस्टात मी कारकून होतो. लोकांची पत्रं, मनिऑर्डरी, मुंबईहून आलेली धोतरजोड्यांची बोचकी, सगळं बिनचूक पोचवलं. हरवला तो माझा स्वतःचा डबा. जामखेडहून नगरला जाणाऱ्या एसटीत वरच्या फळीवर तो मी ठेवला होता. वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा, घट्ट झाकणाचा. कड्याला गाडी थांबली, मी चहा प्यायला उतरलो, परत येऊन बघतो तर फळी मोकळी.

दुष्काळाचं साल. तुपाचा डबा गेला म्हटल्यावर अख्खी गाडी हळहळली.

"किती किलोचा होता हो?" कंडक्टरनं विचारलं.

"काठोकाठ नव्हता."

"तरी पण? वनस्पती का साजूक?"

"घरचं होतं," मी म्हणालो.

"अरारारा!" मागच्या बाकावरच्या म्हातारीनं कपाळाला हात लावला. "घरचं! आन् तेबी असल्या दिसांत! वाटुळं हुईल त्या मेल्याचं."

कंडक्टर भला माणूस. गाडी चौकीवर नेतो म्हणाला. मी त्याच्या हातापाया पडून ते थांबवलं. कारण त्या डब्यात आमच्या पाच वर्षांच्या मुलीची तीन दिवसांची शी होती. नगरच्या मुलांच्या डॉक्टरांनी तपासायला मागवली होती. झाकण घट्ट बसेल असं काहीतरी घ्या, असं ते म्हणाले होते आणि घट्ट झाकणाचं आमच्या घरात तेवढंच होतं. "वरचं चित्र खरवडून काढा," असं बायको म्हणाली होती. मी म्हटलं, काय गरज आहे.

झाकण उघडताना त्या चोराचं तोंड कसं झालं असेल, ते मी अजूनही कधीमधी डोळ्यांसमोर आणतो. त्या सालात मला हसू आलेलं तेवढंच. तेही नंतर. त्या दिवशी मी डॉक्टरांसमोर मोकळ्या हातांनी उभा राहिलो आणि सांगितलं, "डॉक्टर, चोरीला गेली."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "परत आणा," एवढंच म्हणाले.

परत आणायची म्हणजे पोरीला परत तीन दिवस पातेल्यावर बसवायचं. तिच्या अंगात बसायची ताकद राहिली नव्हती. हातापायाच्या काड्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. दिवसातून कितीदा तरी पांढरट, तेलकट शी व्हायची. शेजारपाजारचे म्हणायचे, जंत असतील. जंताची औषधं झाली. काविळीची माळ झाली. दृष्ट तर इतक्या वेळा काढली की घरात मिरच्या उरल्या नाहीत. बरोबरीची पोरं शाळेत जायला लागली आणि ही उंबऱ्याला टेकून बसून त्यांच्याकडे बघायची. तिनं हट्ट करावा, आदळआपट करावी, निदान रडावं, असं मला वाटायचं. ती रडत नसे. बापाला सगळ्यात हतबल कशानं वाटतं विचाराल, तर पोर रडायचं थांबतं त्यानं.

आणि आम्ही तरी काय करत होतो? तिला ताकद यावी म्हणून गव्हाची पोळी चारत होतो. आमच्या भागात एरवी पोळी ही पाहुण्यांची आणि सणाची. रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. पण सलग दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं, ज्वारी दिसेनाशी झाली आणि रेशनवर गहू आणि अमेरिकेचा तांबडा मिलो यायला लागला. मिलो म्हणजे ज्वारीचाच कुणी परदेशी भाऊबंद, पण लाल, कडक, वासाचा. तिकडं तो जनावरांना घालतात असं लोक म्हणायचे. आम्ही नोकरदार म्हणून ताठ्यात होतो. मिलो शेजारच्या मावशींना देऊन टाकायचो आणि गहू ठेवून घ्यायचो. त्यातली मऊसूत पोळी, दुधात कुस्करून, आधी पोरीला. ती नको म्हणाली की बायको गोष्ट सांगून भरवायची, मी नकला करून भरवायचो. माझी माकडाची नक्कल चांगली होते. त्या नकलेवर पोरीनं अख्खी पोळी खाल्ली की मी मोठा पराक्रम केल्यासारखा पोस्टात जायचो.

दुसरा डबा बिनचित्राचा होता आणि तो मी मांडीवर घेऊन नगरला नेला. तपासणी झाली. खाल्लेलं तूप-तेल पोरीच्या अंगी लागतच नाही, जसंच्या तसं पडतं, असं निघालं. डॉक्टर म्हणाले, "मला संशय आहे, पण इथं नक्की सांगता येणार नाही. पुण्याला जा."

पुण्याच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासणी समजावून सांगितली. धातूची एक कुपी, मोठ्या शेंगदाण्याएवढी, बारीक लांब नळीच्या टोकाला बसवलेली. ती मुलीनं गिळायची. पोटातून पुढं आतड्यात उतरेपर्यंत थांबायचं. मग नळीतून हवा ओढली की कुपीतलं पातं आतड्याच्या अस्तराचा तिळाएवढा तुकडा कापून घेणार आणि नळी ओढून बाहेर काढणार.

पोरीनं कुपी पाहिली, नळी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"अण्णा, आधी तुम्ही गिळा."

गिळून दाखवायला दुसरी कुपी नव्हती. मी म्हटलं, "हे बघ, सोप्पं असतं," आणि आ करून नुसती मान मागं टाकून गिळल्याचं नाटक केलं. माकडाची नक्कल येते म्हणून सगळ्याच नकला येतात असं नाही. मला जो ठसका लागला तो थांबेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. नर्सनं मला पाणी पाजलं, दंडाला धरलं आणि बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. "तुम्ही इथंच बसा," ती म्हणाली. पेशंट घाबरतोय, हे तिनं सांगितलं नाही, पण मला कळलं.

दारातून बायकोचा आवाज ऐकू येत होता. अगदी साधा, भाजी निवडताना असतो तसा.

"मणी आहे गं नुसता. दोऱ्यातला. पोटात जाणार, काय दुखतंय ते बघणार आणि दोऱ्याला धरून परत वर येणार."

"आत अंधार असंल ना?"

"असेल की. म्हणून तर बाईंनी त्याच्यासाठी तो मोठा दिवा आणलाय."

मोठा दिवा म्हणजे क्ष-किरणांचं यंत्र. मग उमासे आल्याचा आवाज. मग काहीच नाही. त्या काहीच नाहीमध्ये मी बाकाचा रंग नखानं किती खरवडला, ते नंतर वॉर्डबॉयनं मला दाखवलं.

निकालाला परत बोलावलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समोरच्या कागदावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हिला गहू सोसत नाही."

"गहू म्हणजे?" मी विचारलं.

"गहू म्हणजे गहू. त्यातला चिकटपणा असतो ना, तो हिच्या आतड्याचं अस्तर झिजवतो. सातूसुद्धा नको. रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, पाव, काही नाही."

"औषध काय?"

"औषध नाही. तांदूळ द्या, ज्वारी द्या, बाजरी, मका द्या. अस्तर आपोआप भरून येईल."

"किती दिवस बंद ठेवायचा?" बायकोनं विचारलं.

"कायम."

बायको पुढं सरकली. "कायम म्हणजे... लग्न होऊन सासरी गेल्यावर पण?"

"सासरी गेल्यावर पण."

आम्ही एसटीनं परत निघालो. मी पोरीला आजवर चारलेल्या पोळ्या मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली होती आणि सोडून दिली. सुप्याच्या आसपास बायको म्हणाली, "हे कुणाला सांगायचं नाही. पोरीच्या जातीला एकदा आजाराचं नाव चिकटलं की सुटत नाही." मीही मान डोलावली. शहाणपणाचं वाटलं. त्या शहाणपणानं पुढं काय केलं ते सांगतो.

तांदूळ रेशनवर मूठभर मिळायचा. ज्वारी-बाजरी कुठं नव्हती. राहिला मिलो. ज्याला आम्ही नाक मुरडलं होतं तोच. मी गव्हाची पिशवी घेऊन शेजारच्या मावशींच्या दारात उभा राहिलो. मावशी कोरडवाहू शेतकरी घरातल्या, विधवा, दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायला जायच्या.

"मावशी, हे गहू घ्या. तुमचा मिलो मला द्या."

मावशींनी पिशवीत हात घालून बघितलं. माझ्याकडे बघितलं. "भाऊ, पुन्याला पोरीला घिऊन गेल्तात का सोताचं डोस्कं तपासाया?"

"आवडतो आम्हाला."

"मिलो? आवडतो?" त्यांनी हाळी दिली, गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. "आगं या गं, पोस्टातल्या भाऊंना मिलो ग्वाड लागतोय! म्हशीलाबी लागंना, ह्यांना लागतोय!"

तेव्हापासून गल्लीत ठरलं की पोस्टातल्या साहेबाचं काहीतरी बिनसलंय. काहींच्या मते पुण्यात मी रेस खेळलो होतो.

मिलोची भाकरी ज्यानं केली नाही त्याला सांगून कळणार नाही. मला बायकोनं सांगून कळलेलं नाही, मी नुसता बघायचो. पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, म्हणून नाही. उकळतं पाणी घाला, मळून मळून मनगटं दुखवून घ्या, तरी थापताना काठाला चिरा पडतात. उचलून तव्यावर टाकेपर्यंत हातात दोन तुकडे आणि परातीत तिसरा. बायकोचा ज्वारीच्या भाकरीला हात असा की माझी आईसुद्धा नावं ठेवायची थांबली होती. तिला हे लागलं. रोज चुलीपाशी तिची मान खाली. पण पोरगी ते तांबडे तुकडे दुधात भिजवून खायची, आणि थोड्याच दिवसांत तिचं पोट बसलं. एकदा तिनं मला ढकललं. जिन्यात वाटेत उभा होतो म्हणून. मी पायरीवर बसलो आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिला म्हटलं, परत ढकल.

आणि मग परत सुरू झालं. तीच तेलकट शी, तीच मरगळ. मध्येच दोन-चार दिवस बरं, मध्येच वाईट. नगरच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "कुठून तरी गहू जातोय."

"नाही हो डॉक्टर. घरात गव्हाचा दाणा नाही."

"कुठून तरी जातोय," ते परत म्हणाले.

डॉक्टरांचं ते वाक्य घेऊन मी घरी आलो आणि पोलीस झालो. शाळेत पोरांना सुकडी वाटायचे, तिच्यात गहू. मी पोरीला शाळेच्या रस्त्यानंच जाऊ देईना. मावशींच्या घरी बंदी. मैत्रिणींच्या घरी बंदी. ती कुठूनही आली की मी म्हणायचो, "आ कर." दात बघायचो, वास घ्यायचो. गव्हाचा वास तोंडाला येतो का, मला आजही ठाऊक नाही. पण मी घ्यायचो. बायकोला म्हणायचो, "तू तर काही देत नाहीस ना?" ती तवा जरा जोरात आपटायची.

एका संध्याकाळी मी पोस्टातून आलो. पोरगी उंबऱ्यावर बसलेली. मी चप्पल काढेपर्यंत ती उठली, माझ्यासमोर उभी राहिली, डोळे मिटले आणि आपणहून आ केला.

"बघा अण्णा. काही न्हाई."

मी काही बघितलं नाही. तिचं तोंड हातानं मिटवलं आणि आत जाऊन पाणी प्यालो. त्यापुढं मी तिला कधी आ कर म्हटलं नाही. पण ती बरेच दिवस करत राहिली. सवय लागली होती तिला. कुणी पाहुणा आला तरी त्याच्यासमोरही आ करून उभी राहायची.

तर अशा दिवसांत एका सकाळी भाकरी सुरेख झाली. गोल, काठाला चीर नाही, तव्यावर टाकल्यावर टम्म फुगली. मी ताटावरून म्हटलं, "वा! बसला बुवा हात!" बायकोच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी उजेड दिसला. ते दळण संपेपर्यंत भाकरी रोज चांगली झाली. मी रोज वाहवा केली. पोरगीही दोन घास जास्त खायची. आणि त्याच आठवड्यात अंथरुणाला खिळली.

पुढचं दळण आलं, भाकऱ्या परत मोडायला लागल्या. पोरगी हळूहळू उठून बसली. त्याच्या पुढचं आलं, बायकोनं पीठ मळायला घेतलं आणि मध्येच थांबली. गोळ्याचा कोपरा तिनं दोन बोटांत धरून ओढला. मिलोचा गोळा ओढला की तुटतो. हा तुटेना. जरासा ताणला गेला. तिनं तो कोपरा पाण्यात धुतला, चोळला, परत धुतला. उन्हाळ्यात गव्हाच्या चिकाच्या कुरडया घालणाऱ्या बाईला तो चिकटपणा बोटाला ओळखीचा असतो.

"अहो," ती म्हणाली, "मला भाकरी येत नाहीये."

"येतेय की! बघ कशी..."

"मला येत नाहीये. ह्यात गहू आहे. गहू आहे म्हणून येतेय."

तिच्या डोळ्यांतून पाणी परातीत पडलं. पोरीसाठी रडली की भाकरीसाठी, मी विचारलं नाही. तसाच उठलो, पिठाचा डबा घेतला आणि गिरणीत गेलो.

गिरणीवाला माझ्या चांगल्या ओळखीचा. मुंबईच्या भावाला लिहायची त्याची पत्रं मीच लिहून द्यायचो. मला बघून त्यानं पट्टा थांबवला, खांद्यावरच्या फडक्यानं बाकडं झटकलं.

"बसा साहेब. पीठ कसं हाय?"

"यात गहू कसा आला?"

तो हसला. आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "साहेब, लाजू नका. दिवस सगळ्यांवर येत्यात. तुमच्या घरी मिलो बघून माझ्याच जिवाला बरं वाटंना. म्हणून हाटेलवाल्याचा गव्हाचा डबा आला की त्याच्या मागंच तुमचा डबा लावतो. जात्यात राहिलेलं पीठ पुढच्याच्या डब्यात पडतं ना? तुमचं दळण केवढंसं, त्यात लई फरक पडतो. आन् दोन येळा तर मूठ-मूठ सोताच्या घरचं बी घातलं. लेकराच्या तोंडाला बरं लागंल म्हणून."

रागावणार कुणावर? त्याच्याकडे बघून मी हात जोडले आणि मग, गिरणीत, पिठानं पांढऱ्या झालेल्या चार बायांसमोर, पोरीचा आजार पहिल्यांदा मोठ्यानं सांगितला.

गिरणीवाला मटकन बाकड्यावर बसला. "आधी सांगायचं न्हाई व्हय साहेब," तो म्हणाला. "आधी सांगायचं न्हाई व्हय." परत परत तेच म्हणत राहिला.

दुपारपर्यंत गल्लीला कळलं. संध्याकाळी खडीच्या कामावरून आलेल्या मावशी तशाच धुळीच्या अंगानं आमच्या दारात आल्या. त्यांच्यामागं त्यांचे दोन दीर, हातात दगडी जात्याच्या दोन तळ्या. "हे घ्या," मावशी म्हणाल्या. "ह्याच्यात गहू कदी गेला न्हाई. तुमचा गहू गिरनीत दळला, त्याच्या आदी आमच्या घरात हुताच कुटं?" मग माझ्याकडे वळल्या. "आन् भाऊ, मिलो ग्वाड लागतोय म्हनं! काय त्वांड हाय तुमचं. खोटं बोलायचं तर जरा जमंल असं बोलावं मानसानं."

जात्याला दोघं लागतात. बायकोच्या समोर मी बसलो. खुंटा धरला आणि जोरात ओढला, तर वरची तळी तिच्या बाजूला गेलीच नाही, माझ्याकडेच सरकली. पीठ सगळं माझ्या लेंग्यावर. दारात उभ्या बायांनी पदर तोंडाला लावले. मावशी म्हणाल्या, "पत्रावर शिक्का मारायचा न्हाई भाऊ, गोल फिरवायचं हाय." हळूहळू जमलं. तळहाताला फोड आले. पीठ जाडंभरडं, लालसर, आणि त्यात गव्हाचा कणही नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोनं त्याची भाकरी केली. ती मोडली. थापताना मोडली, उचलताना मोडली, तव्यावर उलटताना उरलेली मोडली. ताटात आले ते नुसते तुकडे. पोरीनं ते दुधात बुडवले आणि खाल्ले. मग ताट पुढं सरकवलं. आणखी हवं होतं तिला. मी बघतच राहिलो. ती बरी होईल की नाही, किती दिवसांनी होईल, पुढं कुणाच्या घरात जाईल आणि तिथं तिच्यासाठी वेगळं दळण कोण करील, यातलं काही मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी काय करू शकणार होतो. बोलायचं म्हणून बोललो, "आज फारच मोडली गं भाकरी."

बायकोनं तव्यावरचे तुकडे गोळा करून पोरीच्या ताटात टाकले आणि म्हणाली, "मोडू दे. ज्या दिवशी आख्खी निघेल, त्या दिवशी काळजी करा."